गाडी उंच केली आणि ती आपटायला लागली: लाँग आर्म किट घेण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

गाडी तीन-चार इंच उंच करायची, मोठे टायर चढवायचे आणि दगडधोंड्यांच्या वाटेला लागायचं. ऑफरोडिंगचा नाद लागलेल्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते. मग हळूहळू तक्रारी सुरू होतात. साध्या खड्ड्यातही पुढचा भाग हातोडा बसल्यासारखा आपटतो. चढावर मागची चाकं नाचतात. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग ठरत नाही. शॉकॲब्सॉर्बर बदलून होतात, स्प्रिंगा बदलून होतात, दुखणं तसंच राहतं. अशा वेळी कोणीतरी सांगतं, "लाँग आर्म किट टाक, सगळं जागेवर येईल."

कधी खरंच येतं. पण हे किट, म्हणजे ॲक्सलला धरून ठेवणारे मूळ आर्म (दांडे) काढून त्यांच्या जागी लांब आर्म लावायचा संच, बसवताना बहुतेक वेळा चॅसीवरचे कंपनीचे ब्रॅकेट कापावे लागतात, आणि एकदा कापलेलं पुन्हा पूर्वीसारखं होत नाही. जाहिरातींत 'हेवी ड्युटी' हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात, पण नेमकं काय मजबूत आहे ते कोणी सांगत नाही. म्हणून पैसे मोजायच्या आधी हे आर्म करतात काय, इथून सुरुवात करू.

## आर्म म्हणजे काय आणि ते कोणत्या गाडीत असतात

काही गाड्यांत डावं आणि उजवं चाक एकाच आडव्या, न वाकणाऱ्या ॲक्सलवर असतं. त्यावर कॉइल स्प्रिंग बसवली की ती गाडीचं वजन पेलते, पण ॲक्सलला जागेवर धरून ठेवणं तिला जमत नाही. ॲक्सल पुढे-मागे सरकू नये, स्वतःभोवती गरकन फिरू नये, यासाठी लोखंडी दांडे लागतात. त्यांचं एक टोक चॅसीला आणि दुसरं ॲक्सलला जोडलेलं असतं. हेच आर्म. सहसा दोन खालचे, दोन वरचे. खालचे आर्म रेटा सहन करतात, वरचे ॲक्सलचं हाऊसिंग (बाहेरचं कवच) फिरू देत नाहीत. ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून आणखी एक आडवा दांडा असतो, त्याला ट्रॅक बार म्हणतात.

जीप रँग्लरमध्ये १९९७च्या मॉडेलपासून पाटे (लीफ स्प्रिंग) गेले आणि पुढे-मागे कॉइल स्प्रिंग व आर्म आले. २००७च्या मॉडेलनेही तीच मांडणी ठेवली. १९८४ ते २००१च्या जीप चेरोकीत पुढे आर्म आणि मागे पाटे होते. लाँग आर्म किटचा बाजार मुख्यतः अशा गाड्यांभोवती वाढला.

तुमच्या गाडीला चारही बाजूंनी पाटे असतील तर लांब करायला आर्मच नाहीत. प्रत्येक पुढचं चाक स्वतंत्र हलत असेल तर पुढच्या बाजूला हे किट लागू होत नाही. त्या गाड्यांसाठी 'लाँग ट्रॅव्हल' नावाचं किट मिळतं, ते वेगळं प्रकरण आहे. नावातल्या साम्यामुळे अनेकांची गफलत होते.

## उंची वाढवली की बिघडतं काय

उंच फांदीला बांधलेला लांब दोरांचा झोका आठवा. तो पाच-सहा फूट पुढे गेला तरी जमिनीपासून फारसा वर जात नाही, जवळजवळ सरळच सरकतो. ठेंगण्या फांदीचा आखूड झोका तेवढाच पुढे न्यायला गेलात तर झपकन वर उचलला जातो. कारण दोन्ही वर्तुळाच्या कंसावर चालतात, आणि मोठ्या वर्तुळाचा छोटा तुकडा सरळ रेषेसारखा असतो.

आर्म म्हणजे आडवा केलेला झोका. त्याचं चॅसीकडचं टोक स्थिर, ॲक्सलकडचं टोक वर-खाली जाणारं. मूळ गाडीत तो जमिनीला बऱ्यापैकी समांतर असतो, म्हणून चाक वर-खाली झालं तरी पुढे-मागे फारसं सरकत नाही. गाडी उंच केली की चॅसी वर जाते, ॲक्सल खालीच राहतो आणि आर्म तिरपा होतो.

आता आकडे घेऊ. आर्म १६ इंची आहे आणि त्याचं ॲक्सलकडचं टोक चॅसीकडच्या टोकापेक्षा ८ इंच खाली लोंबतंय. हा कोन ३० अंशांचा. इथून चाक ४ इंच वर आलं तर ॲक्सल १.६ इंच पुढे ढकलला जातो. आर्म ३२ इंची असेल तर तेवढ्याच ८ इंचांच्या फरकाला कोन साडेचौदा अंश, आणि ॲक्सल सरकतो साधारण पाऊण इंच.

पाऊण इंच आणि दीड इंच यात काय मोठंसं, असं वाटू शकतं. पण पुढचं चाक दगडाला धडकतं तो क्षण बघा. चाकाला वर चढायचं आहे आणि धक्का त्याला मागे रेटतोय. पुढचे आर्म चॅसीपासून पुढे, खाली उतरत गेलेले असतात, त्यामुळे त्या कंसावर वर जायचं तर ॲक्सलला आधी पुढे जावं लागतं. म्हणजे ज्या दगडाने चाक अडवलंय, त्याच दगडात आणखी घुसावं लागतं. ढकलगाडीचे दांडे उंच धरून खाली दाबत ढकलली की पुढचं चाक छोट्या दगडालाही अडतं, दांडे खाली आणून सरळ रेटा दिला की चढतं. तसाच हा प्रकार. शॉकॲब्सॉर्बर कितीही चांगला असला तरी चाकालाच वर यायला वाट नसेल तर तो काही करू शकत नाही.

मागची गोष्ट वेगळी. तिथे चाक वर जाताना मागे सरकतं, म्हणून खड्ड्याचा मार एवढा बसत नाही. पण चाकांचा जोर आर्ममधूनच गाडीला पुढे ढकलतो. वरच्या आर्मचा हिशेब क्षणभर बाजूला ठेवला तर ३० अंशांच्या आर्ममधून १०० किलोचा आडवा रेटा आला की त्यासोबत ५८ किलोचा उभा जोरही येतो आणि तो गाडीचा मागचा भाग उचलतो. साडेचौदा अंशांना हाच उभा जोर २६ किलोंवर येतो. जास्त तिरप्या आर्मवर ॲक्सिलरेटर दाबला की मागचा भाग उठतो, चाकावरचा दाब उतरतो, चाक घसरतं, गाडी खाली बसते, पकड परत येते, पुन्हा उठते. चढावर चाकं थयथय नाचतात ती यामुळे.

## मग सगळ्यांनाच लाँग आर्म लागतात का

नाही. माझं मत स्पष्ट आहे: हे किट बघण्यातच ज्यांचा जास्त वेळ जातो, त्यातल्या बऱ्याच जणांना त्याची गरज नसते. गरज आहे की नाही हे घरी फूटपट्टीने कळतं.

गाडी सपाट जागी, चाकांवर उभी करा. जॅक लावू नका. खालच्या आर्मच्या दोन्ही बोल्टांच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. दोन्हींतला फरक काढा. मग एका बोल्टच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत आर्मची लांबी मोजा. फरक लांबीच्या एक पंचमांशापेक्षा कमी असेल तर आर्मना हात लावू नका, आपटण्याचं कारण दुसरीकडे शोधा. एक चतुर्थांश आला तर कोन साडेचौदा अंश झाला, इथून विचार सुरू करावा. एक तृतीयांशाला तो साडेएकोणीस अंश होतो, तिथे आखूड आर्म ठेवून गाडी सुधारत बसण्यात अर्थ नाही.

म्हणूनच जाणकार चार इंचांच्या आसपास सीमा मानतात. १६ इंची आर्मला ४ इंच उंची म्हणजेच ते एक चतुर्थांश.

## "ड्रॉप ब्रॅकेट लावून भागतं की!"

हा आक्षेप रास्त आहे. ड्रॉप ब्रॅकेट म्हणजे आर्मचं चॅसीकडचं टोक दोन-तीन इंच खाली आणणारी जाड पट्टी. आर्म पुन्हा आडवा होतो, कापाकापी लागत नाही, नको वाटलं तर काढून टाकता येते. डांबरी रस्ते आणि अधूनमधून मातीची वाट एवढाच वापर असेल तर मी आधी हाच मार्ग सुचवीन.

पण पट्टी खाली लोंबते, म्हणजे मिळवलेली उंची तिथे परत गेली. आणि ज्या ठिकाणी चॅसी धक्का झेलते, तिथे आता तीन इंचांचा तरफेचा दांडा लागला. दगडात रोज जाणाऱ्या गाडीत ही पट्टी आधी ठोकर खाते, मग तिचे बोल्ट आपली भोकं मोठी करतात.

## 'हेवी ड्युटी' म्हणजे नक्की काय

आर्म लांब केला की तो कमजोर होतो, ही गोष्ट विक्रेते फारशी बोलत नाहीत. झाडूची काडी दोन बोटांत धरून दोन्ही टोकांनी दाबा. तीच अर्धी मोडून दाबा. लांब काडी लगेच बाक घेते, आखूड ताठ राहते. टोकांकडून दाब आला की कोणता दांडा कधी वाकेल, हे लांबीच्या वर्गावर ठरतं. लांबी दुप्पट केली तर पेलायची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. मधोमध दगडावर आपटण्याचा हिशेब वेगळा, पण तिथेही दुप्पट लांबीच्या आर्मवर वाकवणारा जोर दुप्पट होतो. म्हणून लांब आर्मला जास्त दणकट नळी द्यावीच लागते. 'हेवी ड्युटी' ही जादा सोय नाही, ती किमान अट आहे.

नळी बघताना लोक भिंतीची जाडी विचारतात. आधी बाहेरचा व्यास विचारा. २ इंच व्यासाची, पाव इंच भिंतीची नळी घ्या आणि शेजारी पावणेदोन इंच व्यासाची, तीन अष्टमांश इंच भिंतीची ठेवा. दुसरी हातात जड लागते, वजनदार म्हणून भरवशाची वाटते. प्रत्यक्षात पहिली सुमारे १५ टक्के हलकी असून वाकायला जवळजवळ ३० टक्के जास्त ताठ आहे. धातू मध्यापासून जितका दूर, तितका वाकण्याला विरोध जास्त. २ इंच व्यास आणि पाव इंच भिंत, म्हणजे ५०.८ मिमी आणि ६.३५ मिमी, हे माप दणकट खालच्या आर्मसाठी बरंच चालतं आणि मलाही ते समतोल वाटतं.

धातूबद्दल 'डीओएम' (ड्रॉन ओव्हर मँड्रेल) ही अक्षरं भेटतील. जोड देऊन तयार केलेली नळी आतून दांडा घालून साच्यातून ओढतात, त्यामुळे माप नेमकं येतं आणि ताकद वाढते. क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं) पोलाद त्याहून मजबूत, पण त्याचं वेल्डिंग जाणकारानेच करावं. ७०७५ जातीचं भरीव ॲल्युमिनियमही काही जण वापरतात. ते थोडं वाकून परत सरळ होतं आणि दगडावरून घसरतं, मात्र त्याचे आटे जपावे लागतात.

मध्येच बाक दिलेले आर्मही मिळतात. बाकामुळे दगडावर जास्त जागा मिळते, हे खरं. पण सरळ दांडा दाब अंगातून पार नेतो, बाकदार दांडा त्याच दाबाला बाकापाशी दुमडायला बघतो. बाक हवाच असेल तर नळी एक माप वरची घ्या.

## सगळ्यात आधी थकतो तो सांधा

नळी वाकलेली क्वचित दिसते. जीर्ण झालेला सांधा मात्र नेहमी दिसतो.

एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात असेल तेव्हा ॲक्सल तिरका होतो आणि प्रत्येक आर्मला पीळ बसतो. कंपनीच्या आर्मच्या टोकाला रबरी बुश असतो. तो हा पीळ थोडा सोसतो, शिवाय रस्त्याची थरथर गिळतो. पण मर्यादेबाहेर पिळला की फाटतो. गाडीखाली आडवं होऊन टॉर्च मारली की ओळखता येतं: रबराच्या कडेला बारीक भेगा, मधल्या नळकांड्याभोवती एका बाजूला जास्त फट आणि त्या फटीतून गळलेली तांबूस भुकटी. ही भुकटी म्हणजे लोखंडावर लोखंड घासल्याचा गंज.

त्याऐवजी दुसरा प्रकार म्हणजे पोलादी गोळा आणि त्याभोवती कठीण प्लॅस्टिकची वाटी. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखाच. सगळीकडे वळतो, उघडून नव्या वाट्या घालता येतात, निपलमधून ग्रीस भरता येतं. तिसरा प्रकार हाइम जॉइंट. त्यात धातूवर धातू किंवा मध्ये अगदी पातळ अस्तर असतं. तो नेमका असतो, पण धूळ-चिखलात लवकर खिळखिळा होतो आणि प्रत्येक खडीचा आवाज आत आणून पोचवतो. रोज चालवायच्या गाडीसाठी तो मी सुचवणार नाही. चॅसीकडे गोळ्याचा सांधा आणि ॲक्सलकडे रबरी बुश, हा जोड बहुतेकांना पुरतो.

एक गोष्ट विचारल्याशिवाय किट घेऊ नका: या सांध्याच्या वाट्या, बुश आणि बोल्ट सुटे मिळतात का? मिळत नसतील तर सांधा गेला की पूर्ण आर्म बदलावा लागेल.

## चार आर्म, तीन की रेडियस

पुढच्या ॲक्सलसाठी मुख्यतः तीन मांडण्या मिळतात. रेडियस प्रकारात वरचा आर्म चॅसीपर्यंत जातच नाही, तो खालच्या लांब आर्मलाच जोडलेला असतो. बसवायला सोपं, जागा कमी लागते, रस्त्यावर गाडी स्थिर वाटते. पण ॲक्सल तिरका झाला की दोन्ही बाजू एकमेकींशी भांडतात आणि सांध्यांवर ताण येतो. ॲक्सल फिरवणारा सगळा जोरही खालच्या आर्मवर आणि त्याच्या एकाच ब्रॅकेटवर पडतो.

तीन आर्मच्या मांडणीत वरचा एकच असतो. ॲक्सल मोकळेपणाने तिरका होतो, पण ब्रेकचा सगळा पीळ त्या एका आर्मवर येतो, म्हणून तो आणि त्याचं ब्रॅकेट खालच्या आर्मइतकंच दणकट हवं. चार आर्मची मांडणी जोर वाटून घेते, मात्र इंजिन आणि एक्झॉस्टच्या गर्दीत पुढे तिला जागा शोधणं कठीण जातं. मागे वरचे दोन आर्म तिरके, त्रिकोणासारखे बसवले तर ट्रॅक बारही लागत नाही.

दगडांवर हळू चढणाऱ्या गाडीला पुढे तीन आणि मागे त्रिकोणी चार ही मांडणी मला पटते. लांब प्रवास आणि अधूनमधून जंगलवाट असेल तर रेडियसमध्ये कमीपणा काही नाही.

## "एवढं लांब केल्यावर गाडीचं पोट अडणार नाही का"

अडतं, आणि हा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे. लांब आर्मचं चॅसीकडचं टोक गाडीच्या मध्यावर येतं. उंचवट्यावरून जाताना नेमकी तीच जागा जमिनीला सगळ्यात जवळ असते. त्यामुळे किटच्या फोटोत आर्म बघण्याआधी ब्रॅकेट बघा. त्याचा तळ चॅसीच्या खालच्या कडेच्या किती खाली उतरतोय? पुढची कड उतरती आहे की भिंतीसारखी उभी? उतरती असेल तर दगडावर घसरेल, उभी असेल तर नांगरासारखी रुतेल. चांगल्या किटमध्ये गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर (चॅसीचा आडवा तुळईसारखा भाग) आणि हे ब्रॅकेट एकच सपाट तळ बनवतात.

ब्रॅकेट बोल्टचं घ्यायचं की वेल्डचं? बोल्टचं काढता येतं, पण धक्क्यांनी भोकं लांबट होत जातात. वेल्ड नीट झालं तर जास्त टिकतं. जुन्या चेरोकीला तर वेगळी चॅसीच नाही, पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. तिथे आधी मजबुतीच्या पट्ट्या बसवल्याशिवाय लाँग आर्मचा विचारही करू नये. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढायच्या, इंधन आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला करायच्या, गंजलेल्या लोखंडावर वेल्ड करायचंच नाही. हे काम ज्याने आधी केलेलं तुम्ही स्वतः पाहिलंय, त्याच्याकडूनच करून घ्या. आणि कटर फिरवण्याआधी आपल्याकडची वाहन नोंदणीची आणि विम्याची अट वाचा. असा बदल कुठे चालतो, कुठे तपासणी लागते, कुठे चालतच नाही.

## फक्त आर्म बदलून काम संपत नाही

आर्मची लांबी कमी-जास्त करता येते, त्यातून ॲक्सल किती कलता ठेवायचा ते ठरतं. सायकलचा पुढचा फोर्क थोडा मागे झुकलेला असतो म्हणून ती सरळ चालते. चाकाच्या सांध्याचा असाच झुकाव म्हणजे कॅस्टर. गाडी उंच केल्यावर तो कमी होतो आणि स्टेअरिंग भरकटतं. पण कॅस्टर वाढवायला हाऊसिंग मागे कलवलं की त्याच हाऊसिंगवरचं प्रोपेलर शाफ्टचं (इंजिनचा जोर ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या दांड्याचं) तोंड खाली झुकतं आणि शाफ्ट थरथरायला लागतो. दोन्ही एकाच लोखंडाचे भाग, त्यामुळे मधला मेळ काढावा लागतो. निदान वरचे आर्म तरी कमी-जास्त होणारे हवेत.

शिवाय ब्रेकच्या लांब होस, चाकाला वर आणि खाली थांबवणारे बंपस्टॉप व पट्टे, ट्रॅक बार आणि त्याला समांतर राहणारा स्टेअरिंगचा दांडा, कधी नवा प्रोपेलर शाफ्ट, तर कधी एक्झॉस्टची वाट बदलणं. यादी किटसोबतच मागा. जे त्यात नाही तेही तुम्हालाच घ्यायचं आहे.

## बसवल्यावर पहिले काही दिवस

रबरी बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. जॅकवर आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. आर्मच्या टोकाचे आटे नळीच्या आत निदान आटेदार दांड्याच्या व्यासाइतके तरी गेलेले असावेत, जास्त गेले तर उत्तम.

लांबी धरून ठेवणाऱ्या चेकनटवर आणि शेजारच्या नळीवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा. माझ्या एका मित्राच्या गाडीत ती नव्हती. प्रत्येक गिअर बदलताना खालून "ठक" असा एकच आवाज यायचा आणि आम्ही दोन आठवडे गिअरबॉक्सवर संशय घेत राहिलो. शेवटी खाली शिरून आर्म हाताने धरला तेव्हा चेकनट बोटांनीच फिरला. आतले आटे घासून चकचकीत गुळगुळीत झाले होते आणि तो आर्म टाकून द्यावा लागला. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने बघा, नंतर प्रत्येक ऑफरोड फेरीनंतर ती रेघ बघा. रेघ तुटलेली दिसली तर तिथेच आवळा, मग निघा.